मराठी मजकूर मोजणारा कमांड-लाइन प्रोग्राम चौघांच्या गटाने कसा बांधावा?

प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांच्या गटाला चार आठवड्यांत पायथन भाषेत एक कमांड-लाइन प्रोग्राम (आज्ञा टाइप करून चालवायचा) करायचा आहे. मराठी मजकुराची फाइल दिली की त्याने एकूण शब्द, वेगवेगळे शब्द, वाक्ये, शब्दांची सरासरी लांबी आणि सर्वाधिक वेळा आलेले २० शब्द दाखवायचे. इंग्रजी फाइलवर नीट चालणारा कोड मराठी फाइलवर 'मराठी' या शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे तुकडे काढतो. हे का होते, चौघांत काम कसे वाटायचे, आणि 'घर', 'घरात', 'घराला' हे एकच शब्द म्हणून मोजता येतील का?

आधी तुकड्यांचे बघू. पायथनच्या अंगभूत रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधण्याच्या भाषेत) 'शब्दातले चिन्ह' सांगणारे जे सूत्र सगळे वापरतात (उलटी तिरकी रेघ आणि पुढे डब्ल्यू), ते फक्त अक्षरे, अंक आणि अधोरेघ ओळखते. युनिकोडच्या (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही स्वतंत्र अक्षरे नाहीत, ती जोडचिन्हे आहेत. त्यामुळे 'मराठी' वाचताना म आणि र चालून जातात, काना आला की शब्द तुटतो, ठ नवा शब्द सुरू करतो आणि वेलांटी गळून पडते. हाच घोटाळा 'इजअल्फा' या मेथडमध्येही आहे. 'मराठी' हा शब्द तिला अक्षरांचा वाटतच नाही, 'घर', 'नगर', 'बदक' मात्र वाटतात. म्हणजे चाचणीला बिनमात्रेचे शब्द घेतले तर सगळे हिरवे दिसते आणि खऱ्या मजकुरावर कोसळते. चाचणीचा पहिला शब्द कायम 'क्षत्रिय' किंवा 'दुसऱ्या' असा ठेवा.

उपाय दोन आहेत. 'रेजेक्स' नावाचे बाहेरचे मॉड्यूल बसवले तर तेच सूत्र जोडचिन्हांनाही शब्दात धरते. दुसरा उपाय म्हणजे देवनागरीचा पट्टा स्वतः लिहिणे. विद्यार्थ्यांनी दुसराच करावा असे माझे ठाम मत आहे, कारण त्यात 'शब्द म्हणजे काय' हे तुम्हाला स्वतः ठरवावे लागते, आणि या प्रकल्पातला खरा अभ्यास तोच आहे. मोजणी पायथनमधला तयार 'काउंटर' एका ओळीत करून देतो. शब्द कुठे संपतो हे कोणतीही लायब्ररी (तयार कोडचा संच) तुमच्या वतीने ठरवू शकत नाही.

पट्टा असा. युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा सलग १२८ जागा आहेत ('ऑर्ड' फंक्शन देते ते दशमान आकडे). त्यातल्या २४०४ आणि २४०५ वर दंड आणि दुहेरी दंड, २४०६ ते २४१५ वर अंक, २४१६ वर संक्षेपचिन्ह. म्हणून शब्दासाठी २३०४ ते २४०३ आणि २४१७ ते २४३१ एवढेच घ्या. पूर्ण पट्टा घेतला की दंड शेवटच्या शब्दाला चिकटतो आणि ओवी-अभंगांच्या मजकुरात तोच शब्द दंडासह एकदा आणि दंडाविना एकदा असा दोनदा मोजला जातो. अंकांना वेगळा नियम लागतो: '१,२५,०००' आणि '३.५' ही एकेक संख्या आहे, म्हणून स्वल्पविराम किंवा टिंब दोन्ही बाजूंनी अंक असतील तरच आत घ्यायचे. रोमन लिपीतल्या शब्दांना तिसरा नियम. पायथनचे 'इंट' देवनागरी अंक थेट समजते, फक्त स्वल्पविराम आधी काढायचे आणि '३.५' सारख्या संख्येला 'फ्लोट' वापरायचे.

शब्द तोडण्याआधी मजकूर एकसारखा करावा लागतो, आणि मराठीत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. 'दुसऱ्या' हा शब्द फाइलमध्ये तीन प्रकारे साठवलेला असू शकतो: ऱ, हलन्त, य असा; र, नुक्ता, हलन्त, य असा; किंवा र, हलन्त, शून्य-रुंदीचा जोडक (क्रमांक ८२०५), य असा. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. चिन्हे मोजली तर पहिल्यात ७, बाकी दोन्हींत ८. पायथनच्या 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधले 'एनएफसी' नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एका रूपात आणणे) पहिले दोन एक करते, तिसऱ्याला हात लावत नाही. तो बदल स्वतः करायचा: र, हलन्त, जोडक अशी तिकडी दिसली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त. यानंतरच उरलेले जोडक आणि अजोडक (८२०५ आणि ८२०४) काढून टाकायचे. हा क्रम उलटा झाला तर अर्थच बदलतो. जोडक आधी काढला की 'दऱ्या' चे 'दर्या' होते, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो, आणि प्रोग्राम कुठलीही चूक न दाखवता मोजत राहतो.

साफसफाईच्या याच टप्प्यावर आणखी तीन गोष्टी करा. 'ॲप' मधला ॲ काही मजकुरात एकच चिन्ह असतो (२४१८), काही ठिकाणी अ वर अर्धचंद्र देऊन लिहिलेला असतो, काही ठिकाणी हिंदी वळणाचा ऍ असतो. एनएफसी यांना एक करत नाही, म्हणून तुम्ही करा. दुसरी गोष्ट विसर्गाची. पुष्कळ जण 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी कीबोर्डवरचा अपूर्णविराम दाबतात, मग शब्द 'दु' आणि 'ख' असा फुटतो. दोन देवनागरी अक्षरांच्या मधे, जागा न सोडता आलेला अपूर्णविराम विसर्गात बदलणे सुरक्षित आहे. '१०:३०' मध्ये दोन्हीकडे अंक असल्याने तो वाचतो. 'स्वत:' आणि 'विशेषत:' यांत मात्र चिन्ह शब्दाच्या शेवटी येते, आणि 'उदाहरणार्थ:' मधला खरा अपूर्णविरामही तिथेच येतो. इथे सरसकट नियम चालत नाही, अशा पाच-दहा शब्दांची यादी ठेवावी लागते. तिसरी गोष्ट अवग्रहाची: 'काऽऽय' मध्ये काही जण अवग्रहाऐवजी इंग्रजी एस टाइप करतात. हे दुर्मीळ आहे, पहिल्या आवृत्तीत सोडून द्या, पण सोडले आहे असे लिहून ठेवा.

वाक्ये मोजणे दिसते त्याहून अवघड आहे. मराठीत वाक्य टिंबाने संपते आणि संक्षेपही टिंबानेच होतो. हे वाक्य घ्या: 'दुसऱ्या दिवशी डॉ. सावंत मु. पो. वाई, जि. सातारा येथे पोहोचले.' शब्द ११, वाक्य एक. नुसते टिंबावर तोडले तर सहा तुकडे हातात येतात, त्यातला शेवटचा रिकामा. नियम असा करा: टिंब, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह किंवा दंड यानंतर जागा किंवा ओळीचा शेवट असेल तर वाक्य संपले. अपवाद दोन: टिंबाआधीचा शब्द संक्षेपांच्या यादीत असेल तर नाही, आणि तो शब्द एकाच अक्षराचा असेल, म्हणजे नावातले आद्याक्षर असेल, तर नाही. यादीत डॉ, श्री, सौ, प्रा, मु, पो, ता, जि, रु, कि, मी, क्र, इ, स एवढे घेतले तरी वृत्तपत्री मजकुरातले बहुतेक अपवाद हाताशी येतात. एक चूक उरतेच. 'तिथे हजर होतो तो मी.' अशा वाक्यात 'मी' खरोखर शेवटी आला तर या अपवादांमुळे पुढचे वाक्य त्याला जोडले जाईल. ही चूक मान्य करून अहवालात लिहा. ती लपवण्यासाठी नियमांवर नियम चढवत गेलात तर आठवडा तिथेच जाईल.

लांबी कशात मोजायची हेही ठरवा. 'मराठी' मध्ये बाइट १५ (यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३), युनिकोड चिन्हे ५, आणि वाचणाऱ्याच्या लेखी अक्षरे ३. 'लेन' फंक्शन ५ सांगते. मराठी वाचकाला सरासरी लांबी अक्षरांत हवी असते, आणि ती काढायला लायब्ररी लागत नाही. शब्दातली व्यंजने आणि स्वतंत्र स्वर (२३०८ ते २३६१, शिवाय २४१८) मोजा, पण ज्याच्या लगेच आधी हलन्त (२३८१) आहे ते सोडा. 'क्षत्रिय' मध्ये चिन्हे ८ आहेत. या नियमाने क, त, य एवढेच मोजले जातात, म्हणून अक्षरे ३. तयार लायब्ररी वापरलीत तर तिची आवृत्ती बघा: युनिकोडने जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम २०२३ मध्ये १५.१ या आवृत्तीत आणला, त्याआधीच्या नियमाने 'क्षत्रिय' चे ५ तुकडे पडतात. दोघांच्या लॅपटॉपवर वेगवेगळे उत्तर आले तर कारण बहुधा हेच असते.

आता वाटणी. चार कामे आणि चार माणसे अशी सरळ वाटणी करू नका, कारण कामे सारख्या वजनाची नाहीत. साफसफाई आणि तोडणी यांवर दोघे बसवा. मोजणी आणि चाचण्या तिसऱ्याकडे. फाइल वाचणे, आज्ञेतले पर्याय आणि निकालाची मांडणी चौथ्याकडे. पण पहिल्या आठवड्यात कोणीही वेगळे बसायचे नाही. चौघांनी मिळून तीन गोष्टी करायच्या.

पहिली, निर्णयांचे एक पान: 'आई-वडील' एक शब्द की दोन? 'हळूहळू'? संख्या एकूण शब्दांत धरायच्या का? रोमन शब्द धरायचे का? वरच्या पट्ट्याने 'आई-वडील' चे दोन शब्द होतात. ते मान्य आहे की नाही हे लिहा.

दुसरी, साधारण २०० शब्दांचा एक उतारा दोघांनी एकमेकांचे न बघता हाताने मोजायचा. आकडे जुळले नाहीत तर नियम अजून स्पष्ट नाही. हा तासाभराचा खटाटोप पुढचे कित्येक वाद वाचवतो. उतारा निवडताना स्वामित्वहक्क बघा: भारतात लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून ६० वर्षे हक्क राहतो. मराठी विकिस्रोतावर मुक्त झालेला मजकूर सहज मिळतो.

तिसरी, फंक्शनांची नावे आणि देवघेव. 'वाचा' फाइलचे नाव घेऊन मजकूर देईल. 'स्वच्छ करा' मजकूर घेऊन मजकूर देईल. 'तोडा' मजकूर घेऊन शब्दांची यादी देईल, 'वाक्ये पाडा' वाक्यांची. 'मोजा' यादी घेऊन आकडे देईल, 'मांडा' आकडे घेऊन छापेल. बाहेरच्या जगाशी संबंध फक्त 'वाचा' आणि 'मांडा' यांचा. मधल्या फंक्शनांत 'प्रिंट' दिसला की तो काढायला सांगायचे. हे ठरले की मोजणीवाल्याला तोडणी पूर्ण होण्याची वाट बघावी लागत नाही, तो हाताने लिहिलेल्या दहा शब्दांच्या यादीवर काम सुरू करतो.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी अख्खी साखळी एकदा चालली पाहिजे, भले ती चुकीचे आकडे देवो. प्रत्येकाचा भाग सुटा उत्तम आणि जोडणी शेवटच्या रात्री, ही गटांची नेहमीची घसरण असते. तिसरा आठवडा चुका काढण्यासाठी. चौथ्यात नवे काही नाही, फक्त अहवाल आणि सादरीकरण. गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात) मुख्य शाखेत थेट कोणी लिहायचे नाही. प्रत्येक बदल दुसऱ्या एकाने वाचायचा आणि चाचण्या पास झाल्यावरच जोडायचा.

हातमोजणीच्या उताऱ्याखेरीज तीन तपासण्या कुठल्याही फाइलवर आपोआप चालवा. सर्व शब्दांच्या वारंवारितांची बेरीज एकूण शब्दांइतकी आली पाहिजे. कोणताही शब्द काना, मात्रा, वेलांटी, उकार किंवा हलन्त यांनी सुरू होता कामा नये; झाला तर तोडणी फुटली आहे. आणि कोणत्याही शब्दात जोडक उरता कामा नये. शिवाय नुसत्या मोकळ्या जागांवर तोडून आलेला आकडा शेजारी ठेवा. दोन्ही जुळणार नाहीत, जुळायलाही नकोत, पण फरकाचे कारण सांगता आले पाहिजे.

हे सगळे शेलमधल्या (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतल्या) तयार आज्ञा जोडूनही होईल असे कोणी सुचवेल. युनिक्सच्या शिल्पकारांपैकी एक, डग मॅकिलरॉय यांनी १९८६ मध्ये शब्दांची वारंवारिता सहा आज्ञांच्या एका साखळीत काढून दाखवली होती आणि ती आजही वाचण्यासारखी आहे. पण तिच्या सुरुवातीला 'टीआर' ही चिन्हे बदलणारी आज्ञा आहे, आणि लिनक्सवर मिळणारी ग्नूची 'टीआर' बाइटवार चालते. तीन बाइटांची देवनागरी चिन्हे तिच्या हातात मोडतात.

फाइल वाचताना एन्कोडिंग (चिन्हे बाइटांत साठवण्याची पद्धत) लिहिल्याशिवाय 'ओपन' वापरायचे नाही, हा नियम निर्णयांच्या पानावर सगळ्यात वर टाका. विंडोजवर ते न लिहिल्यास पायथन बहुधा पश्चिम युरोपचे जुने १२५२ एन्कोडिंग धरते. गंमत म्हणजे त्यात 'मराठी' हा शब्द चूक न दाखवता वाचला जातो, फक्त कचरा होऊन. हलन्त, ह्रस्व उकार, ए किंवा झ आला की प्रोग्राम थांबतो, कारण त्यांचा तिसरा बाइट त्या तक्त्यात रिकामा आहे. म्हणून 'माझ्या लॅपटॉपवर एक फाइल चालते, दुसरी नाही' असे कोडे पडते. वाचताना 'यूटीएफ-८-सिग' द्या. नोटपॅडने सुरुवातीला घातलेली अदृश्य खूण त्याने निघून जाते, नाहीतर फाइलचा पहिला शब्द कायम वेगळा मोजला जाण्याची भीती असते. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये बाणाने फाइलमध्ये वळवलेला मजकूर यूटीएफ-१६ होतो, तोही ध्यानात ठेवा. आणि छापखान्याकडून किंवा जुन्या कार्यालयातून मिळालेली फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला तर ती श्रीलिपी किंवा कृतिदेव पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे. तिला कोडने सुधारायला जाऊ नका, आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या.

बाहेर जाणाऱ्या मजकुराचीही तीच काळजी. विंडोजवर पडद्यावर नीट दिसणारा निकाल फाइलमध्ये वळवला की चूक येते, कारण त्या वाटेवर पुन्हा जुने एन्कोडिंग येते. प्रोग्रामच्या सुरुवातीलाच 'सिस' मधल्या 'एसटीडीआउट' ला 'रीकॉन्फिगर' करून यूटीएफ-८ सांगा. एक्सेलसाठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ तोडलेली फाइल) काढत असाल तर ती 'यूटीएफ-८-सिग' मध्ये लिहा. जेसन काढत असाल तर 'एन्शुअर-आस्की' बंद करा. तक्ता मांडताना आकडा आधी आणि शब्द शेवटी ठेवा: 'एलजस्ट' चिन्हे मोजते, पडद्यावरची रुंदी नाही, त्यामुळे शब्द आधी ठेवला की मागचा स्तंभ नागमोडी होतो. समान वारंवारितेचे शब्द कोणत्या क्रमाने येतील हेही ठरवा. 'मोस्ट-कॉमन' ते मजकुरात आधी आले त्या क्रमाने देते. चाचणीसाठी वारंवारिता उतरती आणि मग शब्द चढता असा क्रम बरा. मात्र तो युनिकोडचा क्रम असतो, वर्णमालेचा नव्हे. त्यात ळ हा ल च्या पाठोपाठ येतो, ह च्या नंतर नाही, आणि ॲ सगळ्यात शेवटी जातो.

आज्ञेतले पर्याय वाचण्यासाठी पायथनचे 'आर्गपार्स' मॉड्यूल पुरेसे आहे. चुकीचा पर्याय दिला तर ते स्वतः २ हा परतीचा क्रमांक देते; फाइल सापडली नाही तर तुम्ही १ द्या आणि संदेश चुकांच्या वाटेने पाठवा, निकालात मिसळू नका. रिकामी फाइल नक्की तपासा, कारण सरासरी काढताना शून्याने भागाकार तिथेच होतो.

गिटचा एक त्रास: ओळींचे शेवट विंडोजवर बदलले जातात आणि बाइट मोजणाऱ्या चाचण्या एकाच्याच यंत्रावर नापास होतात. चाचणीच्या फाइलींना 'गिटअ‍ॅट्रिब्यूट्स' मध्ये मजकूर न समजण्याची सूचना द्या. फाइलींची नावे मराठीत असतील तर 'कोटपाथ' बंद करा, नाहीतर गिट नावांऐवजी आकड्यांच्या माळा दाखवते.

आता 'घर', 'घरात', 'घराला'. प्रत्यय कापून मूळ शब्द काढणारा नियम लिहावासा वाटतो: शेवटी 'ाला', 'ात', 'ापासून' दिसले की कापा, लांब प्रत्यय आधी, आणि मागे निदान दोन अक्षरे उरली पाहिजेत. 'घराला', 'झाडात' इथे ते सुंदर चालते. 'झाला' दोन अक्षरांच्या अटीमुळे वाचतो. पण 'गुजरात' चे 'गुजर' होते, 'प्रभात' चे 'प्रभ' होते आणि 'पुण्यात' चे 'पुण्य' होते. 'कापसाला' मधून 'कापस' निघते, 'कापूस' नाही, कारण मराठीत प्रत्ययाआधी शब्दाचे सामान्यरूप होते आणि ते शब्दागणिक बदलते. चार आठवड्यांत हे नियमाने सुटणार नाही. त्याऐवजी प्रोग्राम एकदा चालवा, वरचे २०० शब्द घ्या, आणि रूप व मूळ शब्द अशा जोड्यांचा तक्ता हाताने करा, एका ओळीत एक जोडी, मधे टॅब. हा तक्ता वेगळा पर्याय दिल्यावरच लागू होऊ द्या आणि अहवालात दोन्ही आकडे शेजारी दाखवा. 'आणि', 'आहे', 'हा', 'या', 'पण' हे शब्द वगळण्याची यादीही तशीच वेगळ्या फाइलमध्ये, कोडमध्ये नाही, म्हणजे परीक्षकांनी विचारले तर त्यांच्यासमोर एक शब्द वाढवून पुन्हा चालवून दाखवता येईल.